दारावरची ‘सुस्वागतम्’ पाटी: सागवान की एमडीएफ, लेझर की सीएनसी?

दारावर अक्षरे कोरलेली लाकडी पाटी लावायची म्हटली की बहुतेक जण आधी डिझाइन बघतात. कोल्हापुरात आधी दार बघावे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून पाऊस घेऊन येतो. दाराचे तोंड पश्चिमेला आणि वर सज्जा तोकडा असेल, तर पाटीला चार महिने ओल सोसावी लागते. राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या जिन्यात जी पाटी वर्षानुवर्षे टिकेल, ती उघड्या बंगल्याच्या दारावर एका पावसाळ्यात खराब होऊ शकते.

जिन्यात, कोरड्यात लावायची असेल तर एमडीएफला (लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेल्या फळीला) नाव ठेवू नये. त्यात लाकडाच्या रेषा नसतात, म्हणून लेझर सगळीकडे सारखा जाळतो आणि अक्षर स्वच्छ उठते. शिवाय स्वस्त. पण एमडीएफचा वरचा थर जास्त दाबलेला, घट्ट असतो. लेझर नेमका तोच काढून टाकतो. म्हणजे कोरलेले प्रत्येक अक्षर पाण्याला आत शिरायची वाट होते. एकदा फुगलेला एमडीएफ पुन्हा बसत नाही.

मग वॉटरप्रूफ प्लाय? बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्लायचा डिंक पाण्यात टिकतो खरा, पण लेझरलाही तोच अडवतो: कुठे खोल, कुठे उथळ, मधेच काळे चट्टे. दुकानात हमखास सुचवला जाणारा आणखी एक पर्याय म्हणजे डब्ल्यूपीसी, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली शीट. बाजारातल्या पुष्कळ डब्ल्यूपीसी शीटमध्ये पीव्हीसी असते. त्यावर लेझर मारला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसालाही घातक आणि मशीनच्या लोखंडालाही. डब्ल्यूपीसी हवेच असेल तर सीएनसी राउटरवरच (संगणकाच्या हुकमाने फिरत्या बिटने कोरणाऱ्या मशीनवर) करून घ्यावे.

दारासाठी आमची पसंती सागवानालाच. १८ बाय ६ इंच, जाडी १८ मिमी, पांढरा भाग नसलेली, नीट वाळलेली फळी घ्यावी. पाडलेल्या वाड्याच्या जुन्या तुळईतून काढलेली मिळाली तर उत्तमच, कारण ती वाळून स्थिरावलेली असते. मात्र तिच्यातले खिळे आणि जुना रंग रंधा मारून पूर्ण काढावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, ते लेझरखाली जाळायचे नाही. शिवणीचे लाकूड फिकट आणि एकसारखे असल्याने त्यावर लेझरचा तपकिरी रंग सागवानापेक्षा उठून दिसतो, पण ती पाटी सज्जाखालीच बरी. पाइन टाळावे: मऊ रेषा खोल जळतात, कडक रेषा वर राहतात आणि अक्षर पट्टेरी दिसते.

आता मशीन. उद्यमनगरात पत्रा कापणारे फायबर लेझर असते, ते लाकडाला चालत नाही. लाकडाला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर किंवा घरगुती छोट्या मशीनमधला डायोड लेझर लागतो. दोघांत फरक वेळेचा. १८ बाय ६ इंचाची पूर्ण पार्श्वभूमी कोरायची तर ०.१ मिमी अंतराने सुमारे १५०० ओळी होतात. सीओटू ३०० मिमी प्रति सेकंद वेगाने हे काम साधारण ४० मिनिटांत करतो. १०० मिमी वेगाच्या डायोडला दोन तास लागतात. लेझरचे काम मिनिटावर आकारले जात असेल, तर फक्त अडीच इंची अक्षरे कोरून घ्यावीत. घरच्या डायोडचा बेड बहुधा ४०० मिमीचा असतो, त्यात १८ इंची फळी एका दमात बसत नाही, हेही आधी बघावे.

लेझरची ताकद नाजूक कामात आहे: बारीक वेलबुट्टी, वारली, गणपतीची रेघ. पण खोली जेमतेम अर्धा ते एक मिमी. नुसत्या जळक्या रंगावर विसंबलेली पाटी उन्हात फिकी पडते आणि लाकूड करडे होत जाते. मग अक्षर आणि लाकूड एकमेकांत मिसळतात. सीएनसीवर ९० अंशाच्या व्ही-बिटने (इंग्रजी व्ही आकाराच्या टोकदार पात्याने) ८ मिमी रुंद रेघ ४ मिमी खोल जाते. रंग उडाला तरी सावलीने अक्षर वाचता येते. म्हणून पावसाचा थेट मारा असेल तर सीएनसी, सज्जाखाली असेल तर लेझर.

मराठी अक्षरांची एक अडचण दोन्हीकडे येते, आणि इंग्रजी नावांच्या पाट्या करणाऱ्या ऑपरेटरच्या ती लक्षात येत नाही. मजकूर तसाच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर ‘स्वा’ फुटून ‘स्‌वा’ होतो. म्हणून कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आधी कर्व्हज करावेत, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार होतात. त्यानंतर वेल्ड करावेच लागते, म्हणजे ते आकार एकमेकांत जोडून एकच करावे लागतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. वेल्ड न करता कोरले तर त्या सांध्यावर पांढरी फट राहते किंवा दोनदा जळते. प्रिव्ह्यू मोठा करून प्रत्येक सांधा तपासावा. अक्षरे कापून वेगळी चिकटवायची असतील तर हीच शिरोरेषा कामाला येते, अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. फक्त अनुस्वाराचा टिंब सुटा पडतो, तो जपून ठेवावा.

लेझरआधी फळी १२०, १८०, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासावी आणि कागदी मास्किंग टेप लावावा, म्हणजे धुराचा डाग बसत नाही. कोरून झाल्यावर टेप तसाच ठेवून जुन्या टूथब्रशने काजळी काढावी. काजळीवर रंग धरत नाही. खाचेत आधी सीलरचा एक हात द्यावा, नाहीतर रंग रेषेरेषेने टेपखाली पसरतो. मग इनॅमल भरावे आणि टेप काढावा.

सागवान तेलकट असते, म्हणून पॉलिशच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसावे, पण रंगवलेली अक्षरे सोडून. बाहेर एक्सटिरियर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच वापरावे. चपडा पॉलिश ओलीने पांढरे पडते. मागची बाजू आणि कापलेली दोन्ही टोके विसरू नयेत, टोकांना एक हात जास्तच द्यावा. एकाच बाजूला पॉलिश असेल तर फळी वाकते. दसऱ्याला पाटीला हळदकुंकू लागतेच. पॉलिश खाचेतही नीट बसले असेल तर ते पुसता येते, कोरड्या खाचेत गेलेले निघत नाही.

लावताना डबल टेपवर भरवसा ठेवू नये. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू, मागे ५-६ मिमीचा वॉशर म्हणजे हवा खेळते, आणि एका बाजूचे भोक लांबट ठेवावे म्हणजे लाकूड फुगले तरी तडकत नाही. जागा पल्ल्यावर नको, चौकटीवर किंवा वरच्या भिंतीवर हवी; आणि तोरणाच्या खिळ्यापासून चार बोटे वर, नाहीतर ओली पाने पाटीवर टेकून राहतात.