लिनक्सवरील नेटवर्क जुळणी: इफकॉन्फिग की आयपी?

लिनक्स संगणकाच्या नेटवर्क कार्डाला पत्ता देण्यासाठी इफकॉन्फिग ही जुनी आज्ञा आणि आयपी ही नवी आज्ञा, दोन्ही आजही वापरल्या जातात. मात्र २०१७ मधील डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीपासून इफकॉन्फिग मूळ स्थापनेत येत नाही, ती नेट-टूल्स या संचातून वेगळी घ्यावी लागते.

खरा फरक पत्ता देताना दिसतो. कार्डाला आधीच एक पत्ता असताना इफकॉन्फिगने नवा दिला, तर जुना पुसला जातो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने, काम करत असाल, तर त्याच क्षणी जोडणी तुटते आणि नव्या पत्त्यावरून प्रवेश मिळाला नाही, तर सर्व्हरपर्यंत स्वतः जाण्याची वेळ येऊ शकते. आयपी आज्ञेतील 'अ‍ॅड' मात्र नवा पत्ता जुन्याच्या जोडीला ठेवते, त्यामुळे नव्या पत्त्यावरून प्रवेश मिळतो याची खात्री करूनच जुना काढता येतो. शिवाय असे लेबल (पत्त्याला दिलेले वेगळे नाव) नसलेले जादा पत्ते इफकॉन्फिगच्या यादीत दिसतच नाहीत, आणि अर्धवट माहिती ही माहिती नसण्यापेक्षा अधिक फसवी असते.

मार्ग आणि शेजारी यंत्रांची नोंद पाहण्यासाठी जुन्या संचात राउट व आर्प या निराळ्या आज्ञा लागतात. आयपीमध्ये हे सारे एकाच आज्ञेच्या उपविभागांत मिळते. इफकॉन्फिगची मांडणी डोळ्यांना अधिक सुखावह आहे, हे मान्य करायला हवे, आणि मॅकओएस किंवा फ्रीबीएसडी या इतर संगणक प्रणालींवर काम करणाऱ्याला ती यावीच लागते. लिनक्सवर मात्र मी आयपीच निवडेन.

दोन्हींनी केलेले बदल यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसे होतात; ते कायम ठेवायचे असल्यास नेटवर्कमॅनेजरसारख्या व्यवस्थेत नोंदवावे लागतात.