‘संस्थांसाठी खास’ म्हणून गळ्यात मारलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर

आमची संस्था लहान असून पगारी हिशेबनीस ठेवण्याइतकी ऐपत नसल्यामुळे खजिनदार म्हणून नोंदी मलाच कराव्या लागतात. ‘सेवाभावी संस्थांसाठी खास’ अशी जाहिरात करणाऱ्या एका ऑनलाइन सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने आमची जी फसवणूक केली, ती इतर संस्थांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

विक्रेत्याला आमचा पहिला प्रश्न, तोही लेखी, निधीनिहाय हिशेबाचा होता. एखाद्या देणगीदाराने केवळ वाचनालयासाठी ५०,००० दिले आणि त्यांपैकी १८,००० खर्च झाले, तर बँकेत एकूण शिल्लक कितीही असो, वाचनालयाचे ३२,००० उरले आहेत आणि ते दुसरीकडे वळवता येणार नाहीत, हे कोणत्याही दिवशी दिसले पाहिजे. ‘ही सोय आहे’ असे उत्तर आले आणि डेमोमध्ये निधींची रंगीत यादीही दाखवण्यात आली. प्रत्यक्षात ते दुकानांसाठी केलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर होते आणि वरवरची रंगरंगोटी करून ते आम्हाला विकले होते. एका देणगीच्या पावतीखाली तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापून आले! निधीचे नाव जमाखर्चाच्या नोंदींना जोडता येत असे, पण आरंभीच्या शिलकेला नाही. त्यामुळे नवे वर्ष उघडताच वाचनालयाचा निधी शून्य दिसू लागला आणि उरलेली रक्कम सर्वसाधारण शिलकेत मिसळली. डेमो एकाच वर्षाचा असल्याने हे तेथे दिसणे शक्यच नव्हते, आणि माझ्या मते तो तसा मुद्दामच बेतलेला होता.

लेखापरीक्षकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मागील वर्षाची नोंद कोणीही बदलू शकत होते आणि ती कोणी, केव्हा बदलली याचा मागमूस राहत नव्हता.

सॉफ्टवेअर सोडायचे ठरवल्यावर खरी अडवणूक सुरू झाली. ‘तुमचा डेटा तुमचाच’ असे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याकडून आम्हाला महिनावार पीडीएफ मिळाल्या. खतावणी, म्हणजे खातेवार नोंदी, एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) हवी असल्यास वेगळे शुल्क मागण्यात आले. दरम्यान, नूतनीकरण थांबवण्याची सूचना लेखी देऊनही पुढील वर्षाची वर्गणी कार्डावरून परस्पर कापली गेली. बँकेची विवरणपत्रे आणि पावत्यांच्या स्थळप्रती जपून ठेवल्या होत्या म्हणूनच हिशेब पुन्हा उभा करता आला.

निवड करताना विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नये. चाचणीच्या मुदतीतच दोन निधी स्वतः उघडून थोड्या नोंदी कराव्यात, वर्ष बंद करून नव्या वर्षातील आरंभीची शिल्लक निधीनिहाय तपासावी, आणि मग सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये उतरवून ग्नूकॅशसारख्या मोफत, मुक्त स्रोत हिशेब-प्रणालीत त्या आयात होतात का, हे पाहावे. वर्गणी बंद केल्यावर जुन्या नोंदी किती काळ वाचता येतील, हे करारातच लिहून घ्यावे. मुख्य लॉगिन संस्थेच्या ई-मेलवर असावे, कारण खजिनदार बदलत असतात.

पैसे परत मागणाऱ्या आमच्या पत्राला उत्तर म्हणून विक्रेत्याने ‘अधिक प्रगत’ आवृत्तीवर सवलत देऊ केली. ती आम्ही नाकारली असून कार्डावरील कपातीबाबत बँकेकडे तक्रार नोंदवली आहे.