फुल-फ्रेम घेण्याआधी लेन्सचा हिशेब मांडा

२४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा हातात रुळला, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) हवा तसा फोटो काढता यायला लागला, की हौशी फोटोग्राफरच्या मनात पुढचं नाव फुल-फ्रेमचंच, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचंच, येतं. फार महागात न पडणाऱ्या फुल-फ्रेम बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) शोधायला गेलं की तीन नावं हमखास समोर येतात: कॅनन ईओएस आर८, निकॉन झेड५ आणि सोनी ए७ III. तिन्ही २४ मेगापिक्सेलच्या, तिन्ही उत्तम. तरीही आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: यांपैकी कोणतीही बॉडी सोबतच्या किट लेन्सवर घेणार असाल, तर घेऊ नका. तेवढ्याच पैशांत आहे त्या कॅमेऱ्याला एक चांगली लेन्स घ्या.

यामागचा हिशेब असा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. सोनी, निकॉन, फुजीचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६, म्हणजे सुमारे ३६७. (कॅननचा आणखी थोडा लहान.) क्षेत्रफळ जवळपास २.३५ पट, आणि स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सव्वा स्टॉपचा फायदा. एकाच पिढीचे सेन्सर धरले, तर फुल-फ्रेमवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० ला जेवढा नॉइज (खरखर) दिसतो तेवढा एपीएस-सीवर २७०० च्या आसपास दिसेल. बॉडी बदलून मिळतं ते एवढं. फरक खरा आहे, पण लेन्स चुकली तर तो जागच्या जागी संपतो.

उदाहरण घेऊ. आर८ सोबत येणारी आरएफ २४-५० मिमी लेन्स ५० मिमीला एफ/६.३ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, मोठं). तेवढंच दृश्य एपीएस-सीवर ३३ मिमीला मिळतं आणि सिग्मा १८-५० ही लेन्स तिथे एफ/२.८ वर असते. आता प्रत्यक्ष अपर्चरचा व्यास काढा. ५० भागिले ६.३, म्हणजे ७.९ मिमी. ३३ भागिले २.८, म्हणजे ११.८ मिमी. दृश्य तेच आणि शटर स्पीडही तोच असेल, तर फोटोला एकूण किती प्रकाश मिळाला हे या व्यासावर ठरतं, आणि इथे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला दुप्पट प्रकाश मिळतोय. घरातल्या दिव्यात एपीएस-सीवर १/१०० सेकंद आणि आयएसओ १६०० ला निघणारा फोटो फुल-फ्रेमवर त्या किट लेन्सने काढायला आयएसओ ८००० लागेल. सव्वा स्टॉपचा फायदा वजा केला तरी फोटो जास्त खरखरीत येणार. वजनाचंही तसंच: सोनी ए६४०० (४०३ ग्रॅम) आणि सिग्मा (सुमारे २९० ग्रॅम) मिळून सुमारे ६९०, तर आर८ (४६१) आणि किट लेन्स (२१०) मिळून ६७१. खर्च वाढला, वजन तेवढंच राहिलं आणि फोटो मागे गेला. झेड५ ची २४-५० सुद्धा एफ/६.३ लाच संपते. ए७ III ची २८-७० लांबच्या टोकाला एफ/५.६ असते, तीही फार पुढे नाही.

हाच भागाकार उलट बाजूनेही करून बघायला हवा, कारण कधीकधी फुल-फ्रेम चक्क हलका पडतो. पोर्ट्रेटसाठी फुजीची ५६ मिमी एफ/१.२ घ्या: व्यास ४६.७ मिमी. सोनीची फुल-फ्रेमसाठीची ८५ मिमी एफ/१.८: ४७.२ मिमी. पार्श्वभूमी तेवढीच विरघळते, प्रकाशही तेवढाच मिळतो, आणि फुल-फ्रेमची लेन्स वजनाला कमी आहे. म्हणजे ज्याला माणसांचे फोटो काढायचे आहेत आणि दोन-तीन प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर भागणार आहे, त्याच्यासाठी ए७ III आणि ८५ एफ/१.८ ही जोडी मनापासून सुचवतो. खरं वजन वाढतं ते एफ/२.८ च्या झूममध्ये. टॅमरॉन २८-७५ ही त्यातली हलकी म्हणायची, तरी ५४० ग्रॅम आहे. ए७ III ला लावली की गळ्यात जवळजवळ बाराशे ग्रॅम लटकतात.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी विशेष जपून राहावं. ४०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवर लावली आणि पक्षी फ्रेममध्ये लहानच राहिला, तर शेवटी क्रॉप करावाच लागतो. एपीएस-सीएवढा भाग कापला की २४ पैकी जेमतेम दहा-साडेदहा मेगापिक्सेल उरतात आणि सेन्सरच्या मोठेपणाचा फायदाही कापलेल्या भागाबरोबर जातो. आधी ६०० मिमीच्या लेन्सची तरतूद, मग बॉडी. मॅक्रोचीही (अगदी जवळून काढलेल्या फोटोंचीही) गत अशीच: एपीएस-सीवर एफ/८ ला जेवढी डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारी खोली) मिळते तेवढी फुल-फ्रेमवर एफ/१२ ला. हातात धरून, शटर स्पीड तोच ठेवून काढायचं तर आयएसओ तेवढाच वर न्यावा लागतो. ट्रायपॉडवरचं निसर्गचित्रण मात्र वेगळं. तिथे एफ/१२ ठेवून शटर सव्वा स्टॉप जास्त वेळ उघडा ठेवता येतो, आयएसओ १०० वरच राहतो, आणि सावल्या उजळताना स्वच्छ निघतात. वारा नसावा, एवढंच. नाहीतर पानं पुसट होतात.

आपण कोणत्या गटात मोडतो हे अंदाजाने ठरवू नका. लाइटरूम क्लासिक या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड व्ह्यूत बॅकस्लॅश दाबला की वर फिल्टरची पट्टी येते. त्यात मेटाडेटा निवडून रकाने आयएसओ, अपर्चर आणि फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीचा आकडा) असे लावा, आणि गेल्या वर्षभरातले फक्त स्वतःला आवडलेले, तारांकित केलेले फोटो बघा. सगळे फोटो मोजले तर फसलेले फोटोच आकडा फुगवतात. आवडत्यांपैकी बहुतेक आयएसओ ८०० च्या आत आणि एफ/५.६ ते एफ/११ मध्ये असतील, तर फुल-फ्रेमने फारसं काही बदलणार नाही. ३२०० च्या वर आणि लेन्स पूर्ण उघडी असे ढिगाने असतील, तर गरज खरी आहे. ३२०० च्या वर पण किट लेन्सवर एफ/५.६ ला, असा प्रकार असेल तर दुखणं लेन्सचं आहे. शिवाय एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेलं नॉइज कमी करणारं एआय डिनॉइज रॉ फाइलवर चालवून बघा. जुने ६४०० चे फोटो त्यातून काढा, नेहमीच्या आकारात प्रिंट करा, आणि मग काय खटकतं ते पाहा.

आता बॉडींबद्दल. आर८ चा ऑटोफोकस तिघांत सर्वांत चपळ. पळती मुलं, कुत्री, सायकली तो सोडत नाही. पण बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, कार्ड एकच, आणि एलपी-ई१७ ही बॅटरी लहान, त्यामुळे दिवसभरासाठी दोन जादा हव्यात. याला पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, हे फार जण खरेदी झाल्यावर शोधून काढतात. एफ/१.८ ला १/४००० वर मागचे दिव्यांचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे येतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर ते टळतं, पण एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे पडू शकतात. झेड५ मध्ये स्टॅबिलायझेशन आणि दोन एसडी कार्डांची सोय आहे, ग्रिप हातात छान बसते. मात्र सेकंदाला साडेचारच फोटो, आणि ४के व्हिडिओत फ्रेम १.७ पट कापली जाते. निसर्ग, वास्तू, निवांत पोर्ट्रेट यासाठी घ्या, खेळांसाठी नको. ए७ III २०१८ ची आहे. स्क्रीन आणि मेन्यू आज जुनाट वाटतात, पण एका बॅटरीत अधिकृत मापाने स्क्रीनवर ७१० फोटो निघतात आणि या माउंटला (लेन्सच्या जोडणीला) इतर कंपन्यांच्या लेन्स भरपूर आहेत. आमची पसंती हिलाच.

जुन्या एपीएस-सी लेन्सवर काही दिवस भागवू, हा बेत टिकत नाही. कॅमेरा आपोआप क्रॉप मोडमध्ये जातो आणि हातात पुन्हा दहा मेगापिक्सेल. शिवाय ५५ मिमीचे फिल्टर ६७ किंवा ८२ मिमीच्या लेन्सवर बसत नाहीत. नव्या लेन्स आणि फिल्टरची खरेदी बजेटमध्ये आधीच धरा.

वापरलेली बॉडी घेत असाल तर शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा) विचारा. ए७ III चं शटर सुमारे दोन लाखांसाठी बनवलेलं आहे. एफ/१६ लावून पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट-ऑफ-फोकस फोटो काढा. ठिपके ब्लोअरने जागा बदलत असतील तर ती साधी धूळ, हलत नसतील तर चिकटलेला डाग, म्हणजे ओल्या स्वॅबने सफाई आली. लेन्सला टोपी लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्या आणि रंगीत हॉट पिक्सेल (अंधारातही चमकणारे ठिपके) किती ते बघा. जड लेन्स लावून माउंट हलकेच हलवून पाहा. सोनीची बॉडी बंद असताना हलवली की आत खुळखुळ आवाज येतो. तो स्टॅबिलायझरवर मोकळ्या बसलेल्या सेन्सरचा असतो, कॅमेरा चालू केल्यावर थांबतो. चालू केल्यावरही आवाज येत राहिला तर ती बॉडी परत ठेवा.