मेन डीलरचे बिल, छोट्या गॅरेजचे काम: मोटरहोम सर्व्हिसिंगमध्ये झालेली फसवणूक

ब्रिटनमध्ये मोटरहोम बाळगणाऱ्यांमध्ये, म्हणजे स्वयंपाकाची, झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेली राहती गाडी ज्यांच्याकडे आहे अशांमध्ये, हिवाळा संपला की एकच चर्चा सुरू होते: यंदा सर्व्हिसिंग मेन डीलरकडे करावे की स्वतंत्र गॅरेजमध्ये? या चर्चेत सगळेच जण एक गोष्ट गृहीत धरतात. डीलरला जास्त पैसे मोजले, तर काम डीलरच्या वर्कशॉपमध्ये आणि त्याच्याच प्रशिक्षित माणसांच्या हातून होते, असे सर्वांना वाटते. २०२४ च्या वसंतात माझ्या गाडीच्या बाबतीत तसे झाले नाही. बिल डीलरच्या दराने आले, काम दुसऱ्याच ठिकाणी झाले आणि बिलात लिहिलेल्यापैकी बरेचसे काम कुठेच झाले नाही. इंग्लंडमधल्या मराठी ओळखीपाळखीत अलीकडे दोन-तीन कुटुंबांनी जुनी मोटरहोम घेतली आहे आणि त्यांचे पहिले सर्व्हिसिंग तोंडावर आहे, म्हणून सगळा प्रकार आकड्यांसकट लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे, कारण फसवणुकीची जागा तिथेच आहे. मोटरहोमला दोन जन्मदाते असतात. युरोपातल्या बहुसंख्य मोटरहोमांप्रमाणे माझ्या २०१८ च्या गाडीचे इंजिन आणि पुढचा भाग फियाट डुकाटोचा आहे. ही व्हॅन इटलीतल्या आतेसा येथील कारखान्यात तयार होते आणि प्यूजो व सित्रोएन यांच्या व्हॅनही त्याच साच्यातल्या आहेत. मागचे घर मात्र दुसरी कंपनी बांधते. त्यामुळे सर्व्हिसिंगही दोन प्रकारचे असते. पहिले इंजिन, ब्रेक आणि चेसिसचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे. दुसरे राहत्या भागाचे, ज्यात गॅसची गळती, वीज, पाण्याचा पंप, हीटर आणि मुख्य म्हणजे भिंतींमधली ओल तपासतात. 'मेन डीलर' हा शब्द मात्र लोक दोघांसाठी वापरतात. व्हॅन कंपनीचे अधिकृत वर्कशॉपही मेन डीलर आणि मोटरहोम विकणारे मोठे शोरूमही मेन डीलर. या दुसऱ्याकडे फलक, झेंडे आणि उत्तम कॉफी असते. इंजिनाचे काम करणारा विभाग असतोच असे नाही.

मी तीन ठिकाणी भाव विचारले. व्हॅन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला गाडीच्या उंची-लांबीमुळे ती आत घेण्याची अडचण होती आणि तारीखही लांबची मिळत होती. जवळच्या एका स्वतंत्र गॅरेजने इंजिनाच्या सर्व्हिसचे व्हॅटसह २८५ पौंड सांगितले. राहत्या भागासाठी घरी येऊन तपासणी करणारा एक मान्यताप्राप्त तंत्रज्ञ २४० पौंड घेणार होता. दोन्ही मिळून ५२५ पौंड. मोटरहोम विकणाऱ्या डीलरने 'सगळे एकाच छताखाली' म्हणून ७९५ पौंड सांगितले. बिल हातात आले तेव्हा त्यावर २० टक्के व्हॅट चढून ते ९५४ झाले होते. ग्राहकाला सांगितलेला भाव व्हॅट धरूनच असला पाहिजे असा इथला नियम आहे, पण या धंद्यात तो सर्रास पाळला जात नाही. त्यामुळे दोन भाव शेजारी ठेवण्यापूर्वी दोन्ही व्हॅटसह आहेत का, हे विचारावेच लागते. फरक २७० पौंडांचा वाटतो आणि निघतो ४२९ पौंडांचा.

तरीही डीलरकडे जाण्याला माझ्याकडे कारण होते. राहत्या भागात पाणी झिरपणार नाही याची दहा वर्षांची वॉरंटी गाडीवर होती आणि दर वर्षी ओलीची तपासणी केल्याचा शिक्का नसेल तर ती बाद होते. 'बाहेर केलेत तर वॉरंटी जाईल, पुढचे तुम्ही बघा,' असे काउंटरवरच्या गृहस्थांनी अगदी हळहळ व्यक्त करत सांगितले. प्रत्यक्षात वॉरंटीच्या कागदावर 'मान्यताप्राप्त वर्कशॉप' एवढेच लिहिलेले होते. विकणारा डीलरच हवा, असे त्यात कुठेही नव्हते. इंजिनाच्या बाजूने तर ही भीती आणखी पोकळ आहे. १ जून २०२३ पासून लागू झालेल्या ब्रिटिश आदेशानुसार, आणि त्याआधी अनेक वर्षे युरोपीय नियमांनुसार, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आणि योग्य दर्जाचे सुटे भाग वापरून सर्व्हिस केली असेल, तर ती स्वतंत्र गॅरेजमध्ये केली एवढ्याच कारणावरून गाडी बनवणाऱ्याला वॉरंटी नाकारता येत नाही.

गाडी सकाळी सोडली. दुपारी फोन आला की पुढच्या ब्रेकच्या डिस्क गंजल्या आहेत, तातडीने बदलाव्या लागतील, ६८० पौंड. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या मोटरहोमच्या डिस्कवर वरवरचा गंज धरतो आणि थोडे अंतर चालवले की तो घासला जातो. शिवाय थोड्याच दिवसांपूर्वी एमओटीची, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची, परीक्षा गाडी ब्रेकबद्दल एकही शेरा न येता पास झाली होती. हा निकाल कोणालाही गाडीच्या नंबरवरून सरकारी नोंदीत फुकट पाहता येतो. मी फोनवर तेवढेच सांगितले आणि डिस्कचा फोटो मागितला. फोटो आलाच नाही, आणि संध्याकाळच्या कागदावर 'तातडीचे' काम 'पुढील वेळी लक्ष ठेवावे' असे होऊन उतरले.

बिलात इंजिनाच्या भागाचे ४६५ पौंड होते. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा पोलन फिल्टर, ब्रेक ऑइल बदलणे आणि मागच्या ॲक्सलला ग्रीस मारणे अशा ओळी होत्या. राहत्या भागाचे ३३० पौंड. सर्व्हिसच्या पुस्तकात निळा शिक्का, त्यावर सही.

घरी आल्यावर डॅशबोर्डखालचा पोलन फिल्टर काढून पाहिला, कारण तो मागच्या वेळी मीच बसवला होता आणि बसवताना त्याच्या कडेवर मार्करने मराठीत तारीख लिहिली होती. तोच फिल्टर, तीच तारीख आणि माझेच अक्षर. मग गाडीखाली शिरलो. माझ्या गाडीचा मागचा भाग अल-को या कंपनीच्या चेसिसवर आहे आणि तिच्या ॲक्सलच्या नळीवर ग्रीस भरण्याची निपल, म्हणजे छोटी तोंडे, आहेत. ग्रीसगन लावली की निपलभोवतीची धूळ पुसली जाते आणि ताज्या ग्रीसचा थोडा तरी गोळा बाहेर राहतो. इथे निपलवर वाळलेल्या चिखलाची पपडी जशीच्या तशी होती आणि नखाने खरवडल्यावरच ती निघाली.

ओलीचा अहवाल पाहून तर हसू आले. ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला लावले की लाकडातल्या आर्द्रतेची टक्केवारी दाखवते. साधारण १५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, १५ ते २० च्या दरम्यान लक्ष ठेवावे लागते आणि त्यापुढे पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी लागते. खिडकीखाली, छताच्या कोपऱ्यात, शॉवरच्या मागे आकडे थोडे तरी वेगळे येतातच. माझ्या अहवालात गाडीच्या आराखड्यावर काढलेल्या प्रत्येक वर्तुळात '१४' होते. मागच्या सायकलींच्या कप्प्यातही १४. त्या कप्प्याला आतून वाट नाही, आणि त्याची किल्ली दिवसभर माझ्या खिशात होती.

उरलेली गोष्ट डॅशकॅमने, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या गाडीतल्या कॅमेऱ्याने, सांगितली. गाडी सुरू होताच तो आपोआप चालू होतो, हे डीलरच्या माणसांच्या ध्यानात आले नसावे. चित्रणात गाडी शोरूमच्या आवारातून बाहेर पडून जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शटरसमोर थांबताना दिसते. शटरवर गॅरेजचे नाव स्वच्छ वाचता येते. मी तिथे गेलो. मालक सरळ माणूस निघाला. त्या डीलरच्या गाड्या आपण कित्येक वर्षे करतो, डीलरकडे वर्कशॉप आहे पण इंजिनाचे मेकॅनिक नाहीत, हे त्याने काहीही न लपवता सांगितले. माझ्या गाडीचे जॉब कार्डही दाखवले. त्यावर दोनच ओळी होत्या: ऑइल आणि ऑइल फिल्टर. या कामाचे डीलरकडून आपल्याला १७० पौंड मिळाले, असे तो म्हणाला. त्याने सांगितलेले काम नीट केले होते. डुकाटोच्या या इंजिनाला धुराचा फिल्टर सांभाळणारे कमी राखेचे ऑइल लागते, तेच घातले होते आणि रिकामे डबे कोपऱ्यात दाखवलेही. बाकीची कामे त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

म्हणजे मी ज्या स्वतंत्र गॅरेजची तुलना डीलरशी करत होतो, तसल्याच गॅरेजमध्ये अर्धवट काम करून घेऊन मला त्याचे पूर्ण, डीलरच्या दराचे बिल लावले गेले. लग्नाच्या केटररने शेजारच्या खानावळीतून वरण-भात आणावा आणि पंचपक्वान्नांचे पैसे लावावेत, तसा हा हिशेब. काम बाहेर देणे हा इथे गुन्हा नाही, आणि या धंद्यात ते नवलाचेही नाही. पण 'आमच्या वर्कशॉपमध्ये, आमच्या तंत्रज्ञांकडून' असे ई-मेलमध्ये लिहायचे, काम गुपचूप बाहेर पाठवायचे आणि न केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे, याला व्यवहार म्हणता येत नाही.

तक्रार लेखी केली. पहिले उत्तर आले की कामाचा काही भाग भागीदार गॅरेजला देणे ही नेहमीची पद्धत आहे, आणि सद्भावना म्हणून पुढच्या सर्व्हिसवर १०० पौंडांची सूट देऊ. पोलन फिल्टरच्या फोटोबद्दल त्या पत्रात एक शब्द नव्हता. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते. तसेच सेवेबद्दल व्यापाऱ्याने जे सांगितले किंवा लिहिले आणि ज्यावर विसंबून ग्राहकाने निर्णय घेतला, ते कराराचाच भाग धरले जाते. हे दुसऱ्या पत्रात मी कलमांसह लिहिले. त्यावर मॅनेजरचा फोन आला. बोलणे गोड होते, पण लेखी काही द्यायला ते तयार नव्हते.

पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते, तेच शेवटी कामी आले. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत किंवा सेवेत करार मोडला गेला, तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते. कंपनीने पुरावे मागितले. फिल्टरचा आणि निपलांचा फोटो, ओलीचा अहवाल, डॅशकॅमचे चित्रण आणि त्या गॅरेजवाल्याने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेल्या चार ओळी मी पाठवल्या. त्या चार ओळी त्याने का दिल्या असतील, याचे मला अजून नवल वाटते. नेहमीचे गिऱ्हाईक त्यामुळे तुटणार, हे त्यालाही कळत होते. न झालेल्या कामांचे आणि ओलीच्या तपासणीचे पैसे कंपनीने परत दिले. ऑइल बदलण्याचे दिले नाहीत, आणि ते योग्यच होते. मोटारींच्या तक्रारींसाठी इथे एक लोकपालही आहे, परंतु गॅरेज किंवा डीलर त्याचा सदस्य असेल तरच तिथे दाद मागता येते. हा डीलर सदस्य नव्हता. हे गाडी देण्यापूर्वीच पाहून घ्यावे, दोन मिनिटांचे काम आहे.

यावरून अधिकृत वर्कशॉप वाईट आणि छोटे गॅरेज चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्हॅन कंपनीच्या खऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये कंपनीने परत मागवलेल्या दोषांची दुरुस्ती फुकट होते, आणि ती छोट्या गॅरेजकडे होत नाही. उलट, स्वस्त गॅरेजने धुराचा फिल्टर असलेल्या इंजिनात भलतेच ऑइल ओतले, तर वाचलेल्या शंभर पौंडांपायी हजारांचे नुकसान होऊ शकते. पाहायचे आहे ते एवढेच, की गाडीला हात कोण लावणार आणि कुठे. त्यामुळे हल्ली मी गाडी देण्यापूर्वी ई-मेलवर विचारतो की काम तुमच्याच आवारात होणार का, बाहेर देणार असाल तर कोणाकडे, आणि प्रत्येक कामाची ओळ, दर व व्हॅट वेगळे लिहून मिळेल का. जुने फिल्टर परत हवेत, हेही आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर मागितले तर ते 'टाकून दिले' असतात. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत, तो बहुधा उत्तरच पाठवत नाही आणि निवड आपोआप सोपी होते. किलोमीटर कमी झाले तरी वर्षांच्या हिशेबाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, हे त्याहून मोठ्या खर्चाचे काम आहे, आणि तो झाकणाआड असल्यामुळे बदलला की नाही हे मालकाला दिसत नाही. त्यासाठी तर मी जुन्या आणि नव्या बेल्टचा एकत्र फोटो घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

इंजिनाचे काम आता त्या औद्योगिक वसाहतीतल्या शटरवाल्याकडे थेट जाते, व्हॅटसह २९० पौंडांत, सगळ्या फिल्टरांसह. राहत्या भागाची तपासणी मान्यताप्राप्त तंत्रज्ञ घराच्या दारात येऊन करतो आणि त्याच्या पहिल्याच अहवालात शॉवरमागे १८ टक्के ओल निघाली. तिथला सांधा पुन्हा भरून घेतला असून तो खर्च वॉरंटीत बसला. डीलरचा निळा शिक्का सर्व्हिसच्या पुस्तकात अजून आहे, तो मला खोडता येत नाही. गाडी विकेन तेव्हा त्या पानाला हा सारा पत्रव्यवहार जोडूनच विकणार आहे.