हौद्यात प्लग बसवायचाय? आधी वायरची लांबी मोजा

मुळशीत बंगल्याचं काम असतं आणि मीटर अजून आलेला नसतो. नाहीतर गुरुवार असतो आणि दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद. अशा वेळी पिकअपच्या हौद्यात २३० व्होल्टचा एक प्लग असावा असं प्रत्येक फिटरला वाटतं. मी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. या प्लगसाठी मी पैसेही घातलेत आणि एक बॅटरीही मारली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पर्याय निवडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. तुमचं सगळ्यात जड मशीन किती वॅटचं आहे? आणि ते चालतं तेव्हा गाडीचं इंजिन चालू असेल का? कॉर्डलेसचा चार्जर शंभरेक वॅट घेतो. ड्रिल ६००, चार इंची ग्राइंडर ७०० ते ८५०, मार्बल कटर १२०० ते १४००, आणि चौदा इंची चॉपसॉ २००० च्या पुढे जातो. खरा फरक ठरतो तो या आकड्यांनी.

बहुतेक मशीन कॉर्डलेस असतील तर ३०० वॅटचा प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर (गाडीच्या १२ व्होल्टचे घरच्यासारखे २३० व्होल्ट करणारा डबा) घ्या आणि पुढचं फार वाचू नका. तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मात्र लावू नका. त्याचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटलाच तो उडणार. बॅटरीवरून वेगळी, फ्यूज घातलेली लाइन ओढा. १८ व्होल्ट ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ७२ वॉट-अवर मावतात. अशा चार बॅटऱ्या भरायला, चार्जर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून, गाडीच्या बॅटरीतून तीसेक अँपिअर-अवर जातात. ७० अँपिअर-अवरच्या बॅटरीची ही जवळजवळ निम्मी ताकद झाली. पण धायरीहून चाकणला जाताना वाटेत चार्जर लावले, तर हा भार अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा गाडीचा जनरेटर, उचलतो आणि बॅटरीला काही होत नाही.

कटर, हॅमर चालवायचा तर १५०० वॅटचा इन्व्हर्टर लागतो. डब्यावरचा मोठा आकडा क्षणभराचा असतो, सलग किती वॅट मिळतात ते विचारूनच घ्या. बहुतेकांची चूक मात्र पुढे होते, माझीही झाली. मी इन्व्हर्टर हौद्यात ठेवला आणि पुढच्या बॅटरीपासून मागे १६ चौरस मिलिमीटरची वायर ओढली. १२ व्होल्टवर १००० वॅट काढायचे तर इन्व्हर्टर जवळपास १०० अँपिअर खेचतो. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येताना त्या वायरमध्येच एक व्होल्टच्या वर पडतो. कटर दाबला की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. बॅटरी उत्तम होती, दोष वायरचा होता. ३५ ची वायर टाकली तर हा तोटा निम्म्याच्या आसपास येतो, पण ती महाग, जाड आणि वळवायला अवघड.

सोपा उपाय उलटा आहे. इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ ठेवायचा, पण इंजिनाच्या उष्णतेत नाही; केबिनमध्ये सीटमागे, हवा खेळेल अशा जागी. तिथपर्यंतची मीटर-दीड मीटर लाइन २५ ची करायची आणि मागे २३० व्होल्टची वायर न्यायची. तेच १००० वॅट २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा होत नाहीत, त्यामुळे अडीच चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. बॅटरीपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज हवाच. १५०० वॅट सलग ओढणार असाल तर वायर आणि फ्यूज दोन्ही त्या हिशोबाने वाढवा. फ्यूज लांब बसवला तर मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली की तिला अडवणारं काही उरत नाही.

या पर्यायाची मर्यादा एकच, पण मोठी. स्टार्टरची बॅटरी क्षणभर जोर लावायला केलेली असते, तासन् तास रिकामी व्हायला नाही. इन्व्हर्टर बंद होतो साधारण साडेदहा व्होल्टला. तोवर सेल्फ मारण्याइतका जीव बॅटरीत राहत नाही. अशीच एक संध्याकाळ मी मुळशीत धक्का मारायला माणसं शोधण्यात घालवली आहे. इंजिन चालू ठेवायचं म्हटलं तर उभ्या गाडीत तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जातं.

म्हणून रोजचं काम असेल तर माझं मत दुसऱ्या बॅटरीला. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि १२८० वॉट-अवर देते. ती अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढू शकते की अल्टरनेटर तापून जळतो, म्हणून मधे करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. ३० अँपिअरचा चार्जर रिकामी बॅटरी साडेतीन तासांत भरतो, म्हणजे कोल्हापूरला पोचेपर्यंत काम झालेलं असतं. काही जण घरचा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी हौद्यात बांधतात. पन्नास किलोच्या वरचा तो डबा, आत अ‍ॅसिड, आणि आपले स्पीडब्रेकर. हे करू नका.

उचलून न्यायचं पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात, सीसीटीव्ही आणि नेटवर्कवाल्यांना जास्त सोयीचं. काम चौथ्या मजल्यावर आणि गाडी खाली, तेव्हा हौद्यातला प्लग काय कामाचा? दोन अडचणी आहेत. गाडीच्या सॉकेटवर ते शंभरेक वॅटनेच भरतं, म्हणजे एक युनिटच्या डब्याला दहा तास. आणि मे महिन्यात बंद केबिनमध्ये ते उन्हात ठेवून चालत नाही.

वेल्डिंग असेल तर बॅटरीचा विषयच नाही, तिथे जनरेटर लागतो. धूर मोकळ्यावर निघेल अशी जागा नसेल तर तोही सुरू करू नका.

अमेरिकेत फोर्ड एफ-१५० च्या हायब्रिड मॉडेलला २०२१ पासून कारखान्यातूनच ७.२ किलोवॅटपर्यंतचे प्लग हौद्यात मिळतात. ते व्हिडिओ पाहून कुणी तिकडून इन्व्हर्टर मागवू नये. तिकडचं आउटपुट १२० व्होल्टचं असतं.

आता शॉकबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. सॉकेटआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावला म्हणजे सुरक्षित झालो, असं धरू नका. अनेक इन्व्हर्टरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. अशा वेळी फेजची वायर गाडीच्या पत्र्याला लागली तरी आरसीसीबी पडत नाही. टेस्टचं बटण दाबलं की मात्र पडतो, आणि माणूस निर्धास्त होतो. न्यूट्रल अर्थला जोडता येतो का, ते इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीला विचारा. काही मॉडेलमध्ये जोडलं तर इन्व्हर्टरच जळतो. खात्री होईपर्यंत एका वेळी एकच मशीन लावा आणि तेही डबल इन्सुलेशनचं, म्हणजे ज्यावर चौकोनात चौकोन असतो.

सॉकेट, झाकणाचा डबा आणि ग्लँड (डब्यात वायर घट्ट धरणारं बूच) पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील. जाड वायरच्या टोकाचे लग्ज मात्र हायड्रॉलिक क्रिंपर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच दाबून घ्या. डबा फाळक्याजवळ नको, माल चढवताना फुटतो. केबिनच्या मागच्या भिंतीला दीड-दोन फूट उंचीवर, तोंड खाली करून बसवा. आयपी-६५ चं झाकण बंद असेपर्यंतच पाणी अडवतं. पिन घातली की ते उघडंच राहतं, म्हणून मुळशीच्या पावसात ताडपत्रीखालीच काम करा. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून ब्रेकचा आणि डिझेलचा पाइप कुठून जातो ते बघा, आणि सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरच्या आसपास ड्रिल लावूच नका.