नर्सिंग परिषदेत स्टॉल घ्यावा की कार्यशाळेचा तास मागावा?

कॅन्सर नर्सिंगच्या परिषदेचं पत्रक आलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या रुग्ण-मदत संस्थांपुढे हा प्रश्न येतोच. दोन्ही करायचं तर माणसं पुरत नाहीत आणि पैसेही. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे, तेव्हा कल लपणार नाही.

स्टॉलचं काम सरळ असतं. टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग पॉइंट. नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून लेखी विनंती केली तर आयोजक भाडं बहुधा कमी करतात. मांडव किनाऱ्याजवळच्या लॉनवर असेल तर दुपारच्या वाऱ्याने स्टँडी आडवी होणार हे धरूनच चला आणि पायावर वाळूची पिशवी टाका. पातळ कागदाची पत्रकं दमट हवेत संध्याकाळपर्यंत वळतात. थोडा जाड कागद घ्या.

स्टॉलच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. स्टोमा (शौच किंवा लघवी पिशवीत यावी म्हणून शस्त्रक्रियेने पोटावर केलेलं तोंड) असलेली एखादी कार्यकर्ती माईकवर बोलायला तयार नसते, पण टेबलाशी उभी राहून एका सिस्टरला सगळं मोकळेपणाने सांगते. दुसरं म्हणजे मुंबईच्या रुग्णालयांतले समाजसेवा विभागाचे लोक तिथेच भेटतात. टाटा रुग्णालयात निघालेल्या माणसाची राहायची सोय, म्हणजे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, तिथे कोणती कागदपत्रं लागतात हे पाच मिनिटांत कळतं. स्टॉलवर एकच पत्रक ठेवायचं असेल तर रेल्वे सवलतीचं ठेवा. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. मात्र रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र लागतं. हे वॉर्डातल्या अनेक सिस्टरांनाही ठाऊक नसतं.

मग अडतं कुठे? शिक्क्यांपाशी. बऱ्याच परिषदांत प्रतिनिधींना एक कार्ड देतात. प्रत्येक स्टॉलचा शिक्का घ्या, कार्ड पेटीत टाका, संध्याकाळी सोडत. चहाची सुट्टी १५ मिनिटांची, त्यात चहाची रांग. उरलेल्या वेळात पन्नास जणी हात पुढे करून उभ्या. आपला माणूस शिक्के मारत बसतो, आणि जिला खरोखर विचारायचं असतं की ‘पेशंट घरी गेल्यावर नाकातली फीडची नळी निघाली तर देवगडात कुणाला सांगायचं’, ती गर्दी बघून मागच्या मागे सभागृहात जाते. दिवसअखेर पत्रकं संपलेली, पेनं संपलेली आणि वहीत कामाचे फोन नंबर जेमतेम. आयोजकांना वाटतं स्टॉल जोरात चालला. ही एक गोष्ट आम्हाला शेवटपर्यंत पचली नाही.

कार्यशाळेला मेहनत जास्त, हे खरं. प्रस्ताव दोन-तीन महिने आधी द्यावा लागतो. सोबत एखादी नर्सिंग ट्यूटर किंवा ऑन्कोलॉजीतली, म्हणजे कॅन्सर विभागातली अनुभवी सिस्टर हवीच. नुसत्या संस्थेच्या नावावर तास मिळणं कठीण, आणि परिचारिकाही आपल्याच पेशातल्या माणसाचं ऐकून घेतात. नर्सिंग नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे क्रेडिट मिळणार असतील तर मेट्रन ड्यूटीतून सोडते, हा वेगळा फायदा. उद्घाटनाच्या सकाळची वेळ मात्र घेऊ नका. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं यांत तासाची वीस मिनिटं होतात. दुसऱ्या दिवशी चहाआधीची वेळ मागा.

कार्यशाळेची मांडणी अशी: २४ जणी, सहा-सहांची चार टेबलं. स्लाइड नकोत. दोन टेबलांवर आरटी फीड, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने अन्न देणं: ती नळी (राइल्स ट्यूब), ५० मिलीची सिरिंज, गाळणी आणि घरून आणलेली नाचणीची आंबील. आधी न गाळता भरायला सांगा. नळी तुंबली की पुढचं शिकवायची गरज पडत नाही: आंबील पातळ करून गाळायची, गोळ्यांची पूड बारीक करून पाण्यात विरघळवायची, फीडच्या आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची आणि फीडनंतर निदान अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. नाकाशी नळीवरची खूण सरकली असेल तर फीड द्यायचंच नाही, हे नातेवाइकांना लिहून द्यावं.

उरलेल्या दोन टेबलांवर स्टोमाची पिशवी. भोक स्टोमाच्या मापापेक्षा २-३ मिमीच मोठं कापायचं. जास्त मोठं झालं की उघड्या कातडीवर मळ लागून ती सोलवटते. आपल्याकडचा खास घोळ खोबरेल तेलाचा. कातडी लाल दिसली की घरचे प्रेमाने तेल चोळतात, त्यावर फ्लँज (पिशवीची कातडीला चिकटणारी चकती) धरत नाही, पिशवी गळते, कातडी आणखी लाल होते. पावसाळ्यात घामाने हेच होतं. कातडी टिपून पूर्ण कोरडी करायची, फ्लँज लावल्यावर मिनिटभर तळहाताने दाबून धरायचा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते.

शेवटची दहा मिनिटं फक्त नावं, रुग्णालय, तालुका आणि फोन लिहून घ्यायला राखून ठेवा. २४ नावं कमी वाटतील. पण आमच्या अनुभवात पुढे रुग्ण पाठवतात त्या बहुतेक ह्याच सिस्टर, कारण त्यांनी पिशवी स्वतः कापलेली असते.

संस्था अगदी नवी असेल, फोन उचलायला दिवसभर कुणी बसत नसेल, तर यंदा स्टॉल घेऊन ओळखी करणं बरं. स्टॉलचे पैसे आधीच भरून बसला असाल तर एका माणसाला शिक्क्यांना बसवा आणि दुसऱ्याला टेबलापासून चार पावलं दूर, खुर्ची आणि वही देऊन.