राउंड-द-वर्ल्ड तिकीट: महिनोन्‌महिने वापरल्यानंतर

राउंड-द-वर्ल्ड तिकीट म्हणजे जगाची पूर्ण फेरी मारणारं एकच तिकीट. निकाल आधीच सांगून टाकते. राउंड-द-वर्ल्ड तिकीट स्वस्त पडतं म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका. सुटी वन-वे तिकिटं जोडून, मध्ये दोन-चार लो-कॉस्ट कंपन्या घुसवून, इकॉनॉमीतली पृथ्वीप्रदक्षिणा बऱ्याचदा यापेक्षा कमी पैशांत होते. मी हे तिकीट घेतलं ते तारखा हलवायच्या मोकळिकीसाठी. ती मोकळीक इतकी वापरली, की पैसे वसूल झाले असं म्हणायला माझी हरकत नाही. मार्ग बदलायची मोकळीक मात्र कागदावर आहे तेवढी प्रत्यक्षात नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी थोडं नियमांचं. हे तिकीट विमान कंपन्यांच्या आघाड्या विकतात, आणि ते दोन पद्धतींनी मिळतं. स्टार अलायन्स मैल मोजतं: 29,000, 34,000 आणि 39,000 असे टप्पे असतात आणि ज्या टप्प्यात तुमचा मार्ग बसेल तेवढं भाडं. वनवर्ल्डचं एक्सप्लोरर तिकीट खंड मोजतं: तीन ते सहा, जितके खंड तितकं भाडं, मैलांचं बंधन नाही. बाकी सांगाडा सारखाच. अटलांटिक एकदा आणि पॅसिफिक एकदा ओलांडायचा, दिशा पूर्व किंवा पश्चिम अशी एकच, सुरुवात आणि शेवट एकाच देशात, कमीत कमी 10 दिवस, जास्तीत जास्त एक वर्ष आणि एकूण 16 सेगमेंट, म्हणजे प्रवासाचे तुकडे.

हा 16 चा आकडा कुठून आला, हे कळलं की पुढचं बरंच उलगडतं. एका ई-तिकीट नंबरात चारच कूपन (एका तुकड्याची एक नोंद) मावतात आणि एकमेकांना जोडलेले असे चारच नंबर काढता येतात. चार चोक सोळा. म्हणून नियोजन करताना ठिकाणं मोजू नका, कूपन मोजा. थेट विमान नाही म्हणून मध्ये कुठे उतरून बदललंत, की एका ठिकाणासाठी दोन कूपन गेली. उलट, एकच फ्लाइट नंबर मध्ये थांबून पुढे जात असेल तर ते एकच कूपन. सिंगापूर–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क ही सिंगापूर एअरलाइन्सची एसक्यू 26 किंवा सिडनी–सिंगापूर–लंडन ही क्वांटासची क्यूएफ 1, ही त्याची ठळक उदाहरणं. मधल्या ठिकाणी मुक्काम केलात, तर अर्थातच दोन.

मी खंडांचं तिकीट घेतलं. आराखडा साधारण असा होता: ओस्लोहून हेलसिंकी, तिथून टोकियो, हाँगकाँग, सिडनी, सँटियागो, मग लिमापर्यंत जमिनीवरून, लिमाहून मायामी, न्यूयॉर्क, लंडन आणि परत ओस्लो. मोजून पाहा, दहा होतात. विमानं नऊच, पण सँटियागो ते लिमा हा जमिनीवरचा तुकडाही एक सेगमेंट धरला जातो. न उडता कूपन खर्ची पडतं, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. मैलांच्या तिकिटात तर त्या तुकड्याचे मैलही धरतात. यावर साधा उपाय आहे: फिरून परत त्याच शहरात यायचं. टोकियोत उतरलात, स्वतःच्या वेगळ्या तिकिटावर सोल किंवा ओकिनावा करून परत टोकियोलाच आलात, तर मुख्य तिकिटाला त्याचा पत्ताही लागत नाही. माझी कूपनं वाचली ती अशाच फेऱ्यांमुळे, आणि ती मी खंडांच्या आतल्या उड्डाणांवर खर्च केली.

खंडाच्या आत मागे-पुढे करायला परवानगी आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. उत्तर अमेरिकेत सहा सेगमेंट, इतर खंडांत चार-चार. ज्या खंडातून निघालात तिथे फक्त दोन स्टॉपओव्हर. 24 तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर तो स्टॉपओव्हर नसतो, ट्रान्झिट असतो. हेलसिंकीत मी एक रात्र काढली, शहर पाहिलं आणि तरी तो स्टॉपओव्हर झाला नाही. युरोपात सुरुवात करणाऱ्यांनी हा 24 तासांचा हिशेब काटेकोर ठेवावा.

भूगोलाच्या पुस्तकातले खंड मात्र इथे विसरायचे. वनवर्ल्डच्या लेखी कैरो आणि कासाब्लांका युरोप–मध्यपूर्वेत मोडतात, आफ्रिकेत नाही. दोहाही त्याच खंडात. म्हणजे आशियातून दोहामार्गे जोहान्सबर्गला गेलात, तर मध्ये एका खंडाला स्पर्श झालाच, मग विमानतळाबाहेर पाऊल टाका अथवा न टाका. हवाईचा घोळ तर त्याहून मोठा. आयाटानं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, जगाचे तीन विभाग पाडले आहेत: दोन्ही अमेरिका पहिल्यात, युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व दुसऱ्यात, आशिया आणि ऑस्ट्रेलिया तिसऱ्यात. होनोलुलू पॅसिफिकच्या मधोमध असलं तरी पहिल्या विभागात आहे. त्यामुळे टोकियो–होनोलुलू–सिडनी हा नकाशावर सरळ दिसणारा मार्ग बाद होतो, कारण अमेरिकेच्या विभागात जाऊन तुम्ही उलटे फिरता. सिडनी–होनोलुलू–लॉस एंजेलिस मात्र चालतं.

मैलांचं तिकीट कोणाला बरं पडेल, हे पाहायला मी एक मार्ग मांडून पाहिला होता. फ्रँकफर्ट–सिंगापूर सुमारे 6,390 मैल, सिंगापूर–ऑकलंड 5,220, ऑकलंड–सॅन फ्रान्सिस्को 6,530, तिथून न्यूयॉर्क 2,580, न्यूयॉर्क–फ्रँकफर्ट 3,850. बेरीज साडेचोवीस हजारांच्या आसपास. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर 24,901 मैल आहे, म्हणजे दक्षिणेला उतरून नुसती एक नीट फेरी मारली तरी साधारण इतके मैल जाणारच. 29,000 च्या टप्प्यात चैनीला उरतात चार-साडेचार हजार. त्यात सिंगापूर आणि ऑकलंडच्या मध्ये टोकियो घातलं की साडेतीन हजार वाढतात, आणि मग हातात काही राहत नाही. दक्षिण गोलार्धात एखादाच थांबा आणि बाकी उत्तरेत भरपूर शहरं असतील तर मैल परवडतात. लांब उड्या असतील तर खंड. विमान प्रत्यक्षात किती फिरून गेलं याचा हिशेब मात्र दोन्हीकडे नसतो. 2022 पासून रशियाचं आकाश बंद असल्यामुळे हेलसिंकी–टोकियो उड्डाण पूर्वीच्या साडेनऊ तासांऐवजी तेरा तासांचं झालं आहे. त्याचा भुर्दंड शरीराला, तिकिटाला नाही.

नियोजनाची माझी पद्धत एकच: आधी दोन महासागर पक्के करायचे. पॅसिफिक ओलांडायचे पर्याय, विशेषतः दक्षिणेकडून, मोजकेच असतात. वनवर्ल्डमध्ये सिडनी–सँटियागो हे क्वांटासचं उड्डाण म्हणजे जवळजवळ खुंटाच, त्याभोवती बाकी सगळं फिरवावं लागतं. 2020 मध्ये लाताम ही दक्षिण अमेरिकेतली विमान कंपनी आघाडीतून बाहेर पडल्यापासून दक्षिण अमेरिकेच्या आत फिरायला या तिकिटावर फारसं काही उरलेलं नाही, ईस्टर आयलंड तर गेलंच. तिथलं फिरणं वेगळ्या तिकिटांवर धरून चाला.

दिशा निवडताना टॅक्सही बघा. यूकेतून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणावर एअर पॅसेंजर ड्यूटी बरीच लागते, आणि बिझनेसमध्ये आणखी जास्त. पूर्वेकडे जाताना न्यूयॉर्कहून लंडनला येता आणि पुढे ओस्लोपर्यंतच जाता, म्हणून ती जवळच्या अंतराच्या दरानं लागते. हाच मार्ग उलटा केला आणि लंडनमध्ये मुक्काम करून अटलांटिक ओलांडला, की मोठा आकडा भरावा लागतो. भाडं कोणत्या देशातून सुरू करता यावरही ठरतं, आणि फरक लहान नसतो. अनुभवी मंडळी ओस्लो, कैरो, जोहान्सबर्ग, टोकियो अशी नावं घेतात. तिथवर जायचा-यायचा खर्च धरूनच तुलना करा. नाहीतर भाडं वाचवायला केलेला द्राविडी प्राणायाम अंगाशी येतो. शरीराच्या दृष्टीनं पश्चिमेची दिशा सोपी, कारण दिवस लांबत जातो. मी पूर्व निवडली आणि झोपेचं खोबरं करून घेतलं, पण टॅक्सचा आकडा पाहून तक्रार केली नाही.

आता वापराबद्दल. इकॉनॉमीचं एक्सप्लोरर एल क्लासमध्ये (हे भाड्याच्या प्रकाराचं अक्षर) बुक होतं, बिझनेसचं डी, फर्स्टचं ए. विमानात जागा रिकामी आहे म्हणजे तुम्हाला मिळेल असं नाही. त्या अक्षरात जागा हवी. ती असेल तर तारीख बदलायला काही पडत नाही. मी कितीतरी वेळा बदलली. पाऊस लांबला म्हणून, एखादं गाव आवडलं म्हणून, एकदा तर नुसता कंटाळा आला म्हणून. सुट्या तिकिटांवर एवढं केलं असतं तर दंडातच दिवाळं निघालं असतं.

मार्ग बदलणं वेगळं. त्यात तिकीट पूर्ण नव्यानं काढलं जातं, त्याला रीइश्यू म्हणतात. शुल्क लागतं, टॅक्स नव्यानं मोजले जातात, उरलेल्या सगळ्या कूपनांना नवे नंबर मिळतात. माझं एकदा असं झालं, की फोनवरच्या बाईंनी नवं बुकिंग केलं, पक्कं झाल्याचा मेल आला, वेबसाइटवर सीटही दिसत होती. चेक-इनच्या काउंटरवर मात्र कर्मचारी स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, बुकिंग आहे, पण तिकीट दिसत नाही." बुकिंग बदललं होतं, तिकीट रीइश्यू झालंच नव्हतं. बुकिंग म्हणजे राखलेली जागा, तिकीट म्हणजे भरलेले पैसे. दोन्ही एकमेकांना जोडलेले नसतील तर बोर्डिंग पास निघत नाही. सुदैवानं हाताशी वेळ होता, काउंटर बंद व्हायच्या आत फोनवर प्रकरण मिटलं. तेव्हापासून माझा नियम ठरला: बदल झाला की नवा तिकीट नंबर आणि त्यातली कूपनांची यादी मेलवर मागवायची, प्रत्येक कूपन 'ओपन', म्हणजे वापरायला खुलं, आहे का ते बघायचं आणि मगच फोन ठेवायचा. प्रत्येक विमान कंपनीचा पीएनआर वेगळा असतो, तोही त्याच फोनवर मागून घ्यायचा.

विमान कंपनीनंच वेळ बदलली किंवा उड्डाण रद्द केलं, तर गोष्ट उलटी. तो बदल फुकट होतो, आणि थोडं गोड बोललं तर आधीपेक्षा सोयीचं विमानही पदरात पडतं. पण एखादं कूपन तुम्ही न कळवता सोडलंत, तर पुढची सगळी रद्द होऊ शकतात. कूपन क्रमानंच वापरायची. विमान चुकणार असं दिसलं तर सुटायच्या आत फोन करा, मग रांगेत तासभर थांबावं लागलं तरी बेहत्तर.

ऑनलाइन नियोजकांबद्दल थोडक्यात: मार्ग नियमात बसतो का, हे कळण्यापुरते ठीक. नाकारला तर का नाकारला हे धड सांगत नाहीत. कागदावर विभाग, खंड आणि कूपन मोजून झाल्यावरच तिथे जावं. अंतरांसाठी ग्रेट सर्कल मॅपर पुरेसा आहे.

अमेरिकेत ट्रान्झिट असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, म्हणजे कागदपत्रं पूर्ण हवीत, नुसतं विमान बदलायचं असलं तरीही. आणि एक वर्षाचा प्रवास करणाऱ्यांना सुरुवातीला शेवटची उड्डाणं बुकच करता येत नाहीत, कारण विमान कंपन्या साधारण 330 ते 360 दिवस पुढचंच वेळापत्रक उघडतात. अशा वेळी शेवटच्या टप्प्यांना जवळची कुठलीतरी तारीख घालून ठेवतात आणि पुढे सरकवतात. ती सरकवायची राहिली, तर तुम्ही अजून दक्षिण अमेरिकेत असताना लंडनचं विमान तुमच्याशिवाय निघून जाईल.

दोन-तीन आठवडे आणि ठरलेल्या तारखा असतील तर या भानगडीत पडू नका. बिझनेसनं जाणार असाल तर मात्र जरूर हिशेब करा, कारण तिथे सुट्या वन-वे तिकिटांशी तुलनाच होत नाही. माझा पुढचा आराखडा दक्षिणेचा आहे: लंडनमार्गे जोहान्सबर्ग, तिथून सिडनी, सिडनीहून सँटियागो. मैल मोजले तर शेवटची दोन उड्डाणंच 14,000 च्या घरात जातात. खंडांच्या तिकिटात ती दोन कूपनं आहेत.